सोळा लाखांतलं एक अक्षर

आज कोंबड्यांबद्दल लिहितो. शाकाहारी मंडळींनी लगेच टॅब बंद करू नये. विषय खाण्याचा कमी आणि औषधांचा जास्त आहे, आणि औषधाची वेळ आली की जिवाणू कोणाला 'तुम्ही काय खाता' असं विचारत नाहीत.

मुद्दा थोडक्यात असा. गेली पंचाहत्तर वर्षं कोंबड्यांना अँटिबायोटिक्स दिली जातायत. कधी आजारावर, कधी आजार होऊ नये म्हणून, आणि बराच काळ तर फक्त वजन लवकर वाढावं म्हणून. औषधाला दाद न देणारे जिवाणू त्या शेडमध्ये तयार होतात आणि तिथून माणसांपर्यंत पोचतात का, हा प्रश्नही जवळजवळ तेवढाच जुना आहे. दर वेळी कोणीतरी धोक्याची घंटा वाजवली, आणि दर वेळी समोरून एकच उत्तर आलं: पुरावा दाखवा. तो पुरावा कसा जमत गेला, आणि जिवाणूंचा अख्खा जीनोम वाचता यायला लागल्यावर काय बदललं, त्याची ही गोष्ट. मी पडलो सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. पण ही गोष्ट वाचताना मला सारखे आपल्याच धंद्यातले बग आठवत राहिले.

सुरुवात १९४८ मधली, न्यूयॉर्क राज्यातल्या पर्ल रिव्हर गावातली. तिथे लेडर्ले नावाच्या औषध कंपनीची प्रयोगशाळा होती. तिच्या संशोधनाचे प्रमुख होते आपल्या आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. (या माणसावर एक वेगळा लेख व्हायला हवा.) त्यांच्याच काळात तिथे बेंजामिन डग्गर यांनी मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून ऑरिओमायसिन हे अँटिबायोटिक शोधलं. सुब्बाराव ऑगस्ट १९४८ मध्ये अचानक वारले.

त्याच प्रयोगशाळेत थॉमस ज्यूक्स नावाचे शास्त्रज्ञ कोंबड्यांच्या खाद्यावर काम करत होते. सोयाबीनची पेंड स्वस्त, पण नुसत्या त्या पेंडीवर पिल्लं नीट वाढत नसत. मासळीची भुकटी किंवा यकृताचा अर्क घातला की वाढत, पण ते महाग. अशा खाद्यात कमी पडत होतं ते बी-१२ जीवनसत्त्व. ज्यूक्स यांच्या डोक्यात आलं की ऑरिओमायसिन बनवल्यावर जो चोथा उरतो, त्यातही बी-१२ असणार. तो चोथा म्हणजे कारखान्याचा कचरा, जवळजवळ फुकट. त्यांनी पिल्लांचे गट पाडले, वेगवेगळं खाद्य सुरू केलं आणि नाताळच्या दिवशी, बाकी सगळे सुट्टीवर असताना, स्वतः पिल्लांची वजनं केली. चोथा खाल्लेली पिल्लं सगळ्यांत जड भरली. यकृताचा अर्क खाणाऱ्यांपेक्षाही!

यामागे नुसतं बी-१२ नव्हतं. चोथ्यात अँटिबायोटिकचा जो अंश उरला होता, तोच वजन वाढवत होता. एप्रिल १९५० मध्ये हे जाहीर झालं आणि १९५१ मध्ये एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, खाद्यात अँटिबायोटिक मिसळायला परवानगी दिली. डॉक्टरची चिठ्ठी नको, जनावरांच्या डॉक्टरचीही नको. खाद्याच्या पोत्यातच औषध.

आता यातली मेख बघा. अँटिबायोटिकचा मोठा डोस दिला तर बहुतेक जिवाणू मरतात. थोडा थोडा डोस रोज दिला तर सगळे मरत नाहीत, पण ज्यांना तो सहन होतो त्यांचं फावतं. आणि हे एका पक्ष्यात नाही, एका छपराखालच्या हजारो पक्ष्यांत, दिवसरात्र. औषधाला पुरून उरणारा जिवाणू निवडून काढायचं यंत्र कोणाला मुद्दाम बांधायचं असतं, तर ते यापेक्षा फार वेगळं झालं नसतं.

पहिली घंटा त्याच वर्षी, १९५१ मध्ये वाजली. मॉर्टिमर स्टार आणि डोनाल्ड रेनॉल्ड्स या दोघांनी टर्की पक्ष्यांच्या खाद्यात स्ट्रेप्टोमायसिन घातलं आणि विष्ठा तपासली. काही दिवसांतच आतड्यातले जिवाणू स्ट्रेप्टोमायसिनला जुमानेनासे झाले होते. पेपर छापून आला, पण धंदा थांबला नाही. उलट १९५५ मध्ये पुढची पायरी आली. कापलेली कोंबडी ऑरिओमायसिनच्या पाण्यात बुडवून विकायची, म्हणजे ती जास्त दिवस टिकते! अमेरिकेत ही पद्धत अधिकृतपणे १९६६ पर्यंत चालली.

तोवर 'होईनात का कोंबडीतले जिवाणू प्रतिरोधक, ते कोंबडीतच राहणार' असं म्हणायला जागा होती. ही जागा जपानने काढून घेतली. तिथे पन्नाशीच्या दशकात हगवणीच्या रुग्णांमध्ये एकाच वेळी तीन-चार औषधांना दाद न देणारे जिवाणू सापडायला लागले. १९५९ च्या सुमारास ओचियाई आणि आकिबा यांच्या गटांनी दाखवलं की हा गुण एका जातीच्या जिवाणूतून दुसऱ्या जातीच्या जिवाणूत चक्क जातो. १९६३ मध्ये त्सुतोमू वातानाबे यांनी या सगळ्याचा आढावा इंग्रजीत लिहिला आणि बाकी जगाला हे कळलं.

हे जरा इस्कटून सांगतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. जिवाणू प्रतिरोधक व्हायचे मुख्य मार्ग दोन. एक म्हणजे स्वतःच्या डीएनएची नक्कल करताना झालेली चूक. कोडमध्ये एक अक्षर चुकीचं टाइप झालं आणि नेमका त्याचाच फायदा झाला, असं समजा. हा बदल फक्त त्याच्या पोराबाळांना मिळतो. दुसरा मार्ग म्हणजे प्लाझ्मिड. मुख्य जीनोमपासून वेगळी अशी डीएनएची एक छोटी गोल साखळी. जिवाणू एकमेकांना चिकटतात आणि प्लाझ्मिडची कॉपी देतात. ऑफिसात पेन ड्राइव्ह फिरायचा तसंच. देणारा कोंबडीतला ई. कोलाय आणि घेणारा माणसाच्या आतड्यातला साल्मोनेला असला तरी चालतं. एकाच प्लाझ्मिडवर चार-पाच औषधांविरुद्धची जनुकं असू शकतात. म्हणजे शेडमध्ये वापरलं एकच औषध, पण फुकटात वाढली पाच औषधांची प्रतिकारशक्ती.

इंग्लंडमध्ये ई. एस. अँडरसन या जिवाणूशास्त्रज्ञाने वासरांमधला साल्मोनेला आणि माणसांमधला साल्मोनेला यांचा संबंध जोडून दाखवला. मग सरकारने स्वान समिती नेमली. नोव्हेंबर १९६९ मध्ये तिने सांगितलं की माणसांना लागणारी अँटिबायोटिक्स वजन वाढवायला वापरू नका. ब्रिटनने पेनिसिलिन आणि टेट्रासायक्लिन या कामासाठी बंद केलं.

अमेरिकेत मात्र पुन्हा तेच: पुरावा दाखवा. आणि गंमत म्हणजे तो दाखवायला पैसे दिले जनावरांची औषधं बनवणाऱ्या कंपन्यांच्याच संघटनेने. बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठातल्या स्टुअर्ट लेव्ही यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या एका शेतावर तीनशे पिल्लं घेतली. अर्ध्यांना साधं खाद्य, अर्ध्यांना टेट्रासायक्लिनच्या कुळातलं औषध घातलेलं. आठवड्याभरात औषधवाल्या कोंबड्यांच्या आतड्यातले जवळजवळ सगळे ई. कोलाय प्रतिरोधक. पाच-सहा महिन्यांत त्या शेतावर राहणाऱ्या माणसांमध्येही तोच प्रकार. त्यांच्या ३१.३ टक्के नमुन्यांत ८० टक्क्यांहून जास्त जिवाणू टेट्रासायक्लिनला दाद देत नव्हते. शेजारच्या घरांमध्ये हेच प्रमाण ६.८ टक्के. आणि शेतावरच्या कोणीही ते औषध घेतलेलं नव्हतं. हा पेपर १९७६ चा.

१९७७ मध्ये एफडीएने खाद्यातलं पेनिसिलिन आणि टेट्रासायक्लिन बंद करायचा प्रस्ताव मांडला. अमेरिकन काँग्रेसने आणखी अभ्यास करा म्हणून तो अडवला. अभ्यास होत राहिले, प्रस्ताव पडून राहिला. डिसेंबर २०११ मध्ये एफडीएने तो मागे घेतला. चौतीस वर्षं उघडं पडलेलं तिकीट शेवटी 'वोन्ट फिक्स' म्हणून बंद! (वजन वाढवण्यासाठी माणसांची अँटिबायोटिक्स वापरणं अमेरिकेत २०१७ च्या सुरुवातीला थांबलं, तेही वेगळ्या वाटेने, कंपन्यांनी लेबलं बदलून.)

आता त्या एका अक्षराकडे येतो.

कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू कोंबडीच्या आतड्यात सुखाने राहतो, तिला काही करत नाही. माणसाच्या पोटात गेला तर ताप, पोटात कळा आणि जुलाब. अन्नातून होणाऱ्या जुलाबाच्या जगभरातल्या मोठ्या कारणांपैकी हा एक. ऐंशीच्या दशकात यावर एक झकास औषध होतं, सिप्रोफ्लॉक्सॅसिन. आपल्याकडेही कोणत्याही केमिस्टला ठाऊक असलेलं. कोंबड्यांसाठी त्याचंच भावंड बाजारात आलं, एन्रोफ्लॉक्सॅसिन. भावंड म्हणजे किती जवळचं? तर शरीरात गेल्यावर त्याच्या काही भागाचं सिप्रोफ्लॉक्सॅसिनच होतं.

नेदरलँड्समध्ये ते १९८७ मध्ये कोंबड्यांसाठी आलं. १९९१ मध्ये तिथल्या संशोधकांनी जुने नमुने काढून बघितले. १९८२ मध्ये प्रतिरोधक कॅम्पायलोबॅक्टर कोंबड्यांत शून्य, माणसांतही शून्य. १९८९ मध्ये कोंबड्यांत १४ टक्के, माणसांत ११ टक्के. हे छापून आल्यावरही अमेरिकेने १९९५-९६ मध्ये कोंबड्यांसाठी याच कुळातल्या दोन औषधांना परवानगी दिली. आणि ती द्यायची कशी, तर पिण्याच्या पाण्यातून. वीस हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये थोडे आजारी दिसले की औषध वीसच्या वीस हजारांना. एकेक कोंबडी पकडून कोण सुई टोचणार?

मिनेसोटा राज्याच्या आरोग्य खात्याने १९९९ मध्ये आपले आकडे छापले. माणसांतलं प्रतिरोधाचं प्रमाण १९९२ मध्ये १.३ टक्के होतं, १९९८ मध्ये १०.२ टक्के झालं. त्यातले बरेच रुग्ण परदेशी जाऊन आलेले होते, हे त्यांनी स्वतःच लिहिलं. पण सगळे नव्हते. म्हणून त्यांनी दुकानांतून कोंबडीची ९१ पाकिटं आणली. १४ टक्के पाकिटांत प्रतिरोधक कॅम्पायलोबॅक्टर निघाला, आणि त्यांचे डीएनएचे ठसे घरीच आजारी पडलेल्या माणसांतल्या जिवाणूंशी जुळले.

ऑक्टोबर २००० मध्ये एफडीएने दोन्ही औषधं काढून घ्यायचं ठरवलं. एका कंपनीने मुकाट्याने आपलं औषध मागे घेतलं. दुसरी, बायर, लढली. (माणसांचं सिप्रो बनवणारीही बायरच.) सुनावण्या, साक्षी, हजारो पानं. जुलै २००५ मध्ये अंतिम निकाल लागला आणि १२ सप्टेंबर २००५ पासून कोंबड्यांसाठी ते औषध बंद झालं. माणसांतल्या प्रतिरोधाच्या कारणावरून जनावरांचं औषध अमेरिकेत काढून घेतलं गेलं, असं हे पहिल्यांदाच घडलं. लागली पाच वर्षं.

योगायोग असा की त्याच २००० साली, फेब्रुवारीत, इंग्लंडच्या सँगर सेंटरने कॅम्पायलोबॅक्टर जेजुनीचा संपूर्ण जीनोम छापला. एकूण अक्षरं १६,४१,४८१. सिप्रोफ्लॉक्सॅसिन जाऊन चिकटतं ते जायरेस नावाच्या प्रथिनाला. डीएनएची गुंतवळ सोडवणं हे त्याचं काम. त्या प्रथिनाच्या जनुकात २५७ व्या जागी 'सी' ऐवजी 'टी' झालं, की प्रथिनाचा ८६ वा मणी बदलतो आणि औषधाची पकड सुटते. बस, एवढंच. सोळा लाखांतलं एक अक्षर! आपल्याकडे कोणी असा डिफ रिव्ह्यूला पाठवला तर न वाचताच अप्रूव्ह होईल.

आता बंदी आली, तर प्रतिरोध हळूहळू मावळेल असं वाटणं साहजिक आहे. औषधच नाही तर त्या बदललेल्या अक्षराचा उपयोग काय? सहसा असे बदल जिवाणूला थोडे महागात पडतात, वाढीचा वेग कमी होतो वगैरे. पण २००५ मध्येच किजिंग झांग यांच्या गटाने एक प्रयोग छापला. औषध अजिबात न दिलेल्या कोंबड्यांत साधा आणि प्रतिरोधक असे दोन्ही कॅम्पायलोबॅक्टर सोडले. प्रतिरोधकच वरचढ ठरला. म्हणजे कोंबडीच्या पोटात तो बदल ओझं नव्हताच. निकाल लागायला पाच वर्षं लागली, आणि तोवर हे अक्षर औषधाशिवायही तग धरेल असं झालेलं होतं. रोलबॅक करायला जावं आणि ती सोय उरलेलीच नसावी, तसं.

दुसरी गोष्ट अजून ताजी आहे आणि जास्त गंभीर.

कोलिस्टिन हे १९५० च्या आसपास जपानमध्ये सापडलेलं औषध. किडनीला त्रास देतं म्हणून डॉक्टरांनी पुढे ते जवळजवळ सोडून दिलं. माणसांना नको झालेलं, स्वस्त, मग गेलं जनावरांच्या खाद्यात. दरम्यान हॉस्पिटलांमध्ये इतर सगळ्या औषधांना पुरून उरणारे जिवाणू आले, आणि नव्वदीच्या शेवटापासून डॉक्टरांना नाइलाजाने कोलिस्टिनकडे परत यावं लागलं. आयसीयूत बाकी काही चालत नाही तेव्हाचं औषध. एक दिलासा होता. कोलिस्टिनचा प्रतिरोध तोवर फक्त जीनोममधल्या बदलांनी येताना दिसला होता, पेन ड्राइव्हवरून नाही.

जुलै २०१३ मध्ये शांघायजवळच्या एका डुकराकडून घेतलेल्या ई. कोलायमध्ये चिनी संशोधकांना काहीतरी वेगळं दिसलं. प्रतिरोध दुसऱ्या जिवाणूत उडी मारत होता. त्यांनी प्लाझ्मिड वाचून काढलं आणि त्यावर एक नवं जनुक सापडलं. नाव ठेवलं एमसीआर-१. कोलिस्टिनवर धन विद्युतभार असतो आणि जिवाणूच्या बाहेरच्या आवरणावर ऋण, म्हणून औषध चिकटतं. हे जनुक आवरणावर एक रेणू जोडून तो ऋण भार कमी करतं. मग औषध चिकटायचं कशाला? नोव्हेंबर २०१५ मध्ये हा पेपर आला. तपासलेल्या ८०४ जनावरांपैकी १६६ मध्ये, कच्च्या मांसाच्या ५२३ नमुन्यांपैकी ७८ मध्ये (यात डुकराचंही होतं आणि कोंबडीचंही) आणि १,३२२ रुग्णांपैकी १६ मध्ये ते सापडलं. जनावरांत सर्वांत जास्त, माणसांत सर्वांत कमी. प्रवास कुठून कुठे चाललाय हे सांगायला पीएचडी लागत नाही.

आता आपल्या आवडीचा भाग. डॅनिश लोकांकडे सुमारे तीन हजार जिवाणूंचे जीनोम आधीच वाचून डिस्कवर ठेवलेले होते. वेगळ्याच कामांसाठी. पेपर आल्यावर त्यांनी नवा नमुना गोळा केला नाही, कोंबड्यांच्या मागे पळाले नाहीत. नव्या जनुकाची अक्षरमाला घेतली आणि जुन्या डेटावर सर्च मारला. आपल्या भाषेत, ग्रेप केलं. सहा ठिकाणी सापडलं. एक रक्तात संसर्ग झालेला रुग्ण, २०१५ चा. बाकीचे पाच नमुने बाहेरच्या देशांतून आलेल्या कोंबडीच्या मांसातले, २०१२ ते २०१४ मधले. मूळ पेपर छापून महिनाही झाला नव्हता. इंग्लंडने आपले सुमारे २४,००० जीनोम चाळले, तिथे १५ सापडले. म्हणजे जगाला हे जनुक माहीत व्हायच्या तीन वर्षं आधीपासून ते सुपरमार्केटच्या फ्रीजमधून युरोपात फिरत होतं. लॉग होते, पण काय शोधायचं ते कोणालाच माहीत नव्हतं.

चीनमध्ये १९७० पासून जपून ठेवलेले कोंबड्यांचे ई. कोलाय बाहेर काढले. १,६११ पैकी १०४ मध्ये एमसीआर-१ निघालं. त्यातले तीन तर ऐंशीच्या दशकातले! नंतर लंडनच्या फ्रांस्वा बालू यांच्या गटाने पाच खंडांतले साडेचारशेहून जास्त जीनोम शेजारी ठेवून उलटा हिशेब केला. कमिट हिस्टरीत मागे मागे जावं तसा. निष्कर्ष असा की आज जगभर दिसणारं एमसीआर-१ हे एका उडीतून आलं, साधारण २००५ च्या आसपास. एका उड्या मारणाऱ्या डीएनएच्या तुकड्याने हे जनुक उचललं आणि प्लाझ्मिडवर आणून टाकलं, मग ते प्लाझ्मिडांवरून जगभर गेलं.

आणि आता चांगली बातमी, जी सहसा कोणी सांगत नाही. चीनने ३० एप्रिल २०१७ पासून वजन वाढवण्यासाठी कोलिस्टिन खाद्यात घालणं बंद केलं. देशातलं कोलिस्टिनचं उत्पादन २०१५ मध्ये २७,१७० टन होतं, २०१८ मध्ये २,४९७ टनांवर आलं. कोंबड्यांतल्या ई. कोलायचा कोलिस्टिन-प्रतिरोध २०१५-१६ मध्ये १८.१ टक्के होता, २०१७-१८ मध्ये ५ टक्के. माणसांच्या आतड्यात एमसीआर-१ बाळगणाऱ्यांचं प्रमाण २०१६ मधल्या १४.३ टक्क्यांवरून २०१९ मध्ये ६.३ टक्क्यांवर. म्हणजे कॅम्पायलोबॅक्टरचं अक्षर बंदीला जुमानण्याच्या पलीकडे गेलेलं होतं, पण एमसीआर-१ जुमानलं. हे जनुक जिवाणूला जड जातं. औषध काढलं की ते बाळगणारे मागे पडतात. कुठला बदल परत फिरवता येईल आणि कुठला नाही, हे आधी सांगता येत नाही. म्हणूनच लवकर थांबण्याला किंमत आहे.

जीनोम म्हणजे सगळ्या प्रश्नांचं उत्तर, असा माझा समज मात्र नाही. दोन उदाहरणं. डीटी-१०४ नावाच्या साल्मोनेलाबद्दल सगळे धरून चालले होते की स्कॉटलंडमधल्या माणसांना तो तिथल्याच जनावरांकडून येतो. २०१३ मध्ये २२ वर्षांतल्या ३७३ नमुन्यांचे जीनोम वाचल्यावर दिसलं की माणसांतली साथ आणि जनावरांतली साथ बऱ्याच अंशी वेगवेगळ्या होत्या. शेतकऱ्यावर खापर फोडायची घाई नडली असती. दुसरं, अमेरिकेत २०१८-१९ मध्ये साल्मोनेला इन्फँटिसची साथ आली. ३२ राज्यांत १२९ आजारी, एक मृत्यू. जीनोम सगळे जुळत होते आणि बोट कच्च्या कोंबडीकडे होतं. पण कुठल्या एका कंपनीची कोंबडी, हे सांगता आलं नाही, कारण तो जिवाणू एका फॅक्टरीत नव्हता, अख्ख्या उद्योगात पसरलेला होता. गुन्हेगाराचा ठसा मिळाला, पण तोच ठसा गावातल्या प्रत्येक घरात!

आपल्याकडे काय? दिल्लीच्या सीएसई या संस्थेने २०१४ मध्ये दिल्ली परिसरातले कोंबडीचे ७० नमुने तपासले, ४० टक्क्यांत अँटिबायोटिकचे अंश मिळाले. पंजाबातल्या १८ पोल्ट्री फार्मवरचा अभ्यास २०१७ मध्ये आला. सेफॅलोस्पोरिनसारखी महत्त्वाची औषधं निकामी करणारे ई. कोलाय मांसाच्या कोंबड्यांच्या फार्मवर ८७ टक्के, अंड्यांच्या कोंबड्यांच्या फार्मवर ४२ टक्के. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने कोंबड्या आणि इतर खाद्य-जनावरांसाठी कोलिस्टिनचं उत्पादन, विक्री आणि वितरण यांवर बंदी घातली. त्या वेळी आपण ज्यूक्सच्या जमान्यातलं तेच ते 'पुरावा दाखवा' फार लांबवलं नाही, हे नोंदवायला हवं.

दोन गोष्टींची आपल्याकडे नेहमी गल्लत होते. मांसात उरलेला औषधाचा अंश वेगळा आणि प्रतिरोधक जिवाणू वेगळा. 'अँटिबायोटिक रेसिड्यू फ्री' असं पाकिटावर लिहिलं तर त्याचा अर्थ मांसात औषध उरलेलं नाही एवढाच. पिल्लू असताना त्याला काय पाजलं आणि त्याच्या आतड्यात काय वाढलं, याबद्दल ते लेबल काही बोलत नाही. आणि रश्शात रटरट शिजलेल्या कोंबडीतले जिवाणू मरतातच. धोका आहे तो कच्ची कोंबडी नळाखाली धुताना उडणाऱ्या शिंतोड्यांत, आणि ज्या पाटावर ती कापली त्याच पाटावर मग कोशिंबिरीची काकडी चिरण्यात. त्याहून मोठा धोका शेडमधून बाहेर पडणाऱ्या खतात, सांडपाण्यात आणि तिथे काम करणाऱ्यांच्या हातांवर आहे, आणि तो वरणभातवाल्यांनाही सोडत नाही.

मला या सगळ्या इतिहासात सर्वांत आवडलेला देश डेन्मार्क आहे. १९९५ मध्ये त्यांनी अव्होपार्सिन नावाचं खाद्यातलं औषध बंद केलं, आणि त्याच वर्षी डॅनमॅप नावाची मोजणी सुरू केली. कोणत्या जनावराला किती औषध दिलं, कोणत्या जिवाणूत किती प्रतिरोध, मांसात किती, माणसांत किती, सगळं दर वर्षी एका अहवालात. बंदी घालून ते घरी गेले नाहीत. म्हणूनच २०१५ मध्ये ग्रेप करायला त्यांच्याकडे काहीतरी होतं. आपल्याकडे आयसीएआर आणि एफएओ यांनी मिळून इन्फार नावाचं प्रयोगशाळांचं जाळं उभं केलंय, मासळी आणि जनावरांतला प्रतिरोध मोजायला. बातम्यांमध्ये ते फारसं येत नाही. मॉनिटरिंगच्या टीमला कौतुक कधी मिळतं, हे आपल्यापैकी ज्यांनी ते काम केलंय त्यांना विचारा.

पुढचं एमसीआर-१ कुठल्या तरी शेडमध्ये आत्ताही असणार. त्याला अजून नाव नाही, पण कोणी आजपासून जीनोम वाचून ठेवले असतील, तर ज्या दिवशी नाव मिळेल त्या दिवशी ते कुठे कुठे पोचलंय हे अर्ध्या तासात कळेल.